वहिनीने शाल घेतली नाही

माझा थोरला भाऊ पोलीस शिपाई होता. बदलापूर गावातल्या आमच्या दोन खोल्यांत वर्दीला इस्त्री तो स्वतः करायचा. लाँड्रीवाला घडी चुकवतो म्हणायचा.

सकाळी साडेनऊला, भर उजेडात त्याने एक डंपर हात दाखवून थांबवला. उल्हास नदीतली चोरीची रेती होती. दादा ड्रायव्हरच्या दाराशी गेला, उतर म्हणाला. ड्रायव्हरने त्याला ढकलून गाडी दामटली. दादा चाकाखाली गेला.

सोबत त्याचा जोडीदार होता, आमच्याच वस्तीतला. वहिनीच्या हातचं सुकट आमच्या घरी बसून कितीदा जेवलेला. मी अंबरनाथच्या ऑफिसातून धावत हॉस्पिटलात पोचले, तेव्हा तोच रडत समोर आला. "ताई, मी बघितलंय त्याला. शंभरात ओळखीन."

अंत्ययात्रेला पुढारी आले. बंदुकांची सलामी झाली तेव्हा दादाची दोन वर्षांची लेक किंचाळली. कुणीतरी म्हणालं, लेकराला कळलं बघा. तिला काय डोंबल कळणार? ती बंदुकीच्या बाराला घाबरली होती.

केस उभी राहायला तीन वर्षं गेली. जोडीदार पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "धूळ उडाली होती साहेब. ड्रायव्हरचा चेहरा दिसला नाही."

आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. दादाचे बूट मला चिखलासकट दिले होते. कसली धूळ? मी उभी राहून ओरडले. मला बाहेर काढलं.

तो बाहेर आल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं. "शंभरात ओळखणार होतात ना?"

"ताई, समजून घ्या. मलाही पोरंबाळं आहेत."

"आणि दादाला?"

तो जिना उतरून गेला. ड्रायव्हर सुटला. ज्याची रेती होती, त्याचं तर नावच कुठे आलं नव्हतं.

पुढे ऑक्टोबरात पोलिसांच्या स्मृतिदिनाला वहिनीला नेहमीसारखं बोलावणं आलं. मी सोबत गेले. मेलेल्यांची नावं वाचली गेली, दादाचंही. शालीचं ताट घेऊन समोर आला तोच. बढती मिळाली होती, बाहीवर नवी पट्टी.

वहिनी आयुष्यात कुणाला मोठ्याने बोलली नव्हती. तेव्हाही नाही. "तुमच्या हातची नको," एवढंच म्हणाली.

शेजारी उभ्या मोठ्या साहेबांना काही कळेना. "घ्या ना वहिनी, मान आहे तुमचा."

"मान कोर्टात द्यायचा होता, साहेब."

ती मंचावरून उतरली आणि गेटकडे चालू लागली. मागे माइकवर पुढचं नाव पुकारलं गेलं.

नातेवाईक आम्हालाच बोलले. कार्यक्रमात तमाशा कशाला? त्या माणसाची पण मजबुरी असेल. असेल. माझ्या भावाची मजबुरी कुणी विचारली नाही, कारण त्याने गाडी जाऊ दिली नाही.

तो माणूस अजून बाजारात भेटतो. हात जोडून "जयभीम, ताई" म्हणतो. जयभीमला उत्तर न देणं आमच्यात कुणी शिकवलेलं नाही. मी शिकले.