नाट्यगृहात धान

तहसील कार्यालय आणि बसस्थानक यांच्या मधे आज जे नाट्यगृह व क्रीडा संकुल उभे आहे, तिथे माझ्या मामाच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, होती. गाव वाढत वाढत त्या बांध्यांच्या चारी बाजूंना आले, म्हणून त्या गावाच्या मध्यावर होत्या. एरवी वावराला गावाच्या मध्यावर असण्याचे काही कारण नसते.

धान कापून घरी आले की ते वावर गावाचे होई. एका अंगाला शंकरपटाची पट्टी आखली जाई. तिच्यावर शर्यतीच्या बैलजोड्या पळत. दुसऱ्या अंगाला नाट्यमंडळाचे लोक खड्डा खणत. निघालेली माती एका टोकाला रचली की रंगमंच तयार होई. खड्ड्याच्या उतारावर धानाचे तणस पसरून प्रेक्षक बसत, त्यामुळे मागच्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसे. पावसाळ्याआधी खड्डा बुजवला जाई आणि मामा त्याच जमिनीत रोवणी करी.

पटाच्या दिवशी घरोघर पाहुणे असत. लेकी जावयांना घेऊन येत, सोयरिकी जुळत. पाहुण्यांची जेवणे आटोपल्याशिवाय नाटक सुरू होत नसे आणि उजाडेपर्यंत संपत नसे. बाहेरचे लोक याला आमची हौस समजत. खरे कारण साधे होते. जंगलातल्या गावांचा माणूस अंधारात परत जाऊ शकत नाही. रस्त्यावर वाघ असतो आणि पहिली बस सकाळी असते. तोवर त्याला कुठेतरी बसवावे लागते.

मामा दरवर्षी दुष्ट सासऱ्याचे काम करी. दुसऱ्या दिवशी बाजारात बाया त्याला तोंडावर शिव्या देत आणि तो त्या घरी येऊन मामीला ऐकवी.

नाट्यगृह आमच्यावर कोणी लादले नाही. आम्हीच ते मागितले. मंडळाची प्रत्येक बैठक त्याच ठरावाने संपे. नागपूरहून आलेल्या पाहुण्याला खड्ड्यात बसवताना आम्हाला लाज वाटू लागली होती. मग पटावर बंदी आली. पट्टी पडून राहिली, जमीन रिकामी दिसू लागली, आणि रिकाम्या जमिनीकडे पाहणारे लोक गावात येऊ लागले. मी तेव्हा चंद्रपूरला वृत्तपत्रात होतो. संकुलाचा आराखडा मी पाहिला होता. त्यात वाहनतळ होता, उपाहारगृह होते, कलाकारांसाठी आरशांच्या खोल्या होत्या. मंडळाचा उल्लेख कुठेच नव्हता.

मामाने जमीन दान दिली. अट एकच घातली : पटाच्या दिवशी नाट्यगृह मंडळाचे. ती अट भूमिपूजनाच्या मंचावरून मोठ्याने जाहीर झाली आणि टाळ्या पडल्या. त्याखेरीज ती कुठल्याही कागदावर नव्हती. मामी घरी येऊन म्हणाली, "हे वावर देऊन आले. आता त्या टाळ्या मांडते चुलीवर."

मामा हसला. "तुले का समजते? पक्क्या मंचावर काम करते माहा नवरा म्हणून सांगशीन उद्या साऱ्याले."

इमारत चांगली झाली, हे नोंदवले पाहिजे. उद्घाटनाला बाहेरचा वाद्यवृंद आला. क्रीडागृहात सभा भरल्या. नंतर बंदी उठली, पण पट्टीच्या जागी आता क्रीडागृहाची भिंत होती. पटाच्या जोड्या दुसऱ्या गावाला जाऊ लागल्या. आमच्या गावात पटाचा दिवस उरला, पाहुणे उरले, आणि नाटक उरेल असे मामा धरून होता.

मंडळाने पटाच्या रात्रीसाठी नाट्यगृह मागितले तेव्हा मी गावातच होतो आणि मामासोबत संकुलाच्या कचेरीत गेलो. बाबूने नियम सांगितला : रात्री दहाला कुलूप.

"दहा वाजता तं आमच्या घरी पाहुण्याच्या ताटात भात पडते," मामा म्हणाला.

"मग लवकर जेवू घाला ना, भाऊ."

"अन् दहा वाजता त्यायले काढून देऊ कुठी? वाघाच्या घरी?"

बाबू हसला. नियम तसाच राहिला. मंडळाने माघार घेतली. नाटक कापून दुपारचे केले. मामाचे दोन प्रवेश गेले. त्याने तेही मान्य केले. त्या मंचावर एकदा उभे राहायचे, एवढेच त्याला हवे होते.

त्या वर्षी धान भरपूर झाले. खरेदी केंद्राची गोदामे भरली आणि पोत्यांसाठी पक्के छप्पर शोधणे सुरू झाले. क्रीडागृहाची लाकडी जमीन खराब होईल, म्हणून नाट्यगृह निवडले गेले. खुर्च्या काढून अंगणात रचल्या. धान घरी येते तेव्हाच आमच्याकडे नाटक येते, ही गोष्ट आराखडा करणाऱ्यांना ठाऊक नव्हती. आम्हाला होती. नाट्यगृह मागताना ती आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

मामाचे दुसरे वावर गावाबाहेर आहे. तिथल्या धानाचाही केंद्रावर नंबर लागला. ट्रॅक्टर नाट्यगृहाच्या दाराशी लागला तेव्हा मंडळाची जाहिरात अजून दारावर चिकटलेली होती. आत छतापर्यंत पोती होती. मोकळा होता तो फक्त मंच. हमालांनी तिकडे पोती न्यायला सुरुवात केली.

"तिथी नको," मामा म्हणाला. "खाली टाका."

"खाली जागा कुठी आहे, भाऊ? वापस न्याचे असन तं सांगा."

रांगेतला एक जण ओरडला, "भाऊ, तिकीट काढलं का? पहिल्या रांगेतलं दे रे त्यायले!" लोक हसले.

मामा पोती परत नेऊ शकत होता. घरी ठेवायला जागा नव्हती, आणि पुढचा नंबर कधी येईल हे कोणी सांगत नव्हते. त्याने हमालाला मान हलवून होकार दिला. मंच भरला. पटाच्या दिवशी पाहुणे आले, जेवले आणि संध्याकाळच्या बसने परत गेले.

पुढच्या हंगामात मंडळाने शेजारच्या गावात वावर मागितले. खड्डा कुठे घ्यायचा ते पाहायला मामाला नेले होते. वावराचा मालक तरुण होता, खूश होता. मामाने त्याला बांधावर घेतले आणि म्हणाला, "खणू दे. नाटक होऊ दे. पण कोणी पक्कं बांधून देतो म्हणत आला ना, तं कुत्रं सोड त्याच्यावर."

दुष्ट सासऱ्याचे काम त्या वर्षी दुसऱ्याने केले. मामा ते पाहायला गेला नाही.