आत्याच्या बाबाचं पिस्तूल

माझ्या आत्याचा जगावर विश्वास नव्हता असं नाही, पण तपासल्याशिवाय तिला तो ठेवता येत नसे. रोह्याच्या बाजारात ती एकेका माशाचे कल्ले उचलून बघायची. तिला लांबून बघितलं की कोळणी टोपलीवर फडकं ओढायच्या. एसटीवर पेणची पाटी असली तरी ड्रायव्हरला विचारल्याशिवाय पायरी चढायची नाही. "दाखव, मंग बोल," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिला बघायला आलेल्या नवऱ्या मुलालाही तिनं अंगणात चालून दाखवायला लावलं होतं म्हणे.

अशी ही बाई एकाच वस्तूपुढे आंधळी होती. तिच्या बाबाचं, म्हणजे माझ्या आजोबांचं पिस्तूल. पितळी नळीचं, एकाच गोळीचं. आजोबा कासूकडच्या मिठागरावर राखणदार होते. मरताना त्यांनी ते मुलांना न देता मुलीला दिलं. कुणा पूर्वजानं ते फिरंग्याकडून हिसकावलं, असं घरात सगळेच सांगत. दसऱ्याला त्याच्यावर पहिलं सोनं वाहिल्याशिवाय रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आमच्या आळीत कुणी सोनं वाटत नसे.

मग आत्याचे गुडघे गेले. ऑपरेशन सांगितलं, आणि माझा भाऊ विनू मुंबईचं एक गिऱ्हाईक घेऊन आला. ऑपरेशनचा सगळा खर्च निघेल एवढी किंमत ते गिऱ्हाईक द्यायला तयार होतं. फक्त पिस्तूल फिरंग्याचं आहे, हे आत्यानं आपल्या तोंडानं सांगायचं.

"सांगंन की," आत्या म्हणाली. "पन आधी मला कळू दे."

झालं! आधी ती हत्यार विकता येतं का, हे विचारायला पोलिसांकडे गेली. साहेब म्हणाले, जाणकाराला दाखवून काय ते लिहून आणा. मी धाटावच्या कंपनीतली शिफ्ट बदलून घेतली आणि आम्ही पिस्तूल जुन्या लुगड्यात गुंडाळून पेणला गेलो. तिथे एक निवृत्त गृहस्थ होते, उभी हयात संग्रहालयात काढलेले. त्यांनी भिंग लावून, बारीक तार घालून बराच वेळ बघितलं.

"फिरंगी बनावट नाही, आजी. इथल्याच कुणीतरी बघून केलंय. आणि हे बघा, ठिणगी आत जायला नळीला भोक लागतं. ते पाडलेलंच नाही. हे कधी उडलेलं नाही, उडणारही नाही. किंमत म्हणाल तर पितळेची."

आत्यानं त्यांच्या हातातली तार घेतली आणि स्वतः टोचून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. स्टँडवर एसटी कुठली, हेही तिनं कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, बाई खचली.

"बाबा कुनाला हात लावू देत नव्हता," बाकावर बसल्यावर ती म्हणाली. "भरलेलं हाय, म्हनायचा." मग माझा हात धरून म्हणाली, "त्याला ठाव व्हतं गो."

घरी विनू वाट बघत होता. सगळं ऐकून म्हणाला, "आत्या, ते गिऱ्हाईक काय भोक शोधत बसणारे? गप ऱ्हा ना. तुझ्या गुडघ्यांसाठीच चाललंय हे."

"गुडघे माझे हायत," आत्या म्हणाली, "आन बाप पन माझाच हाय."

गिऱ्हाईक आलं तेव्हा तिनं त्याला सगळं उघड दाखवलं. ते चहा पिऊन निघून गेलं.

ऑपरेशन झालंच नाही. पुढे ती अंगणापलीकडे जाऊ शकली नाही, आणि गेल्या वर्षी तशीच गेली. विनूला अजून तिचा राग येतो. तिचं दुखणं मीही विसरलेले नाही. पण डोळ्यांसमोर येते ती त्या वर्षीच्या दसऱ्याची आत्या. आळी जमलेली, पाटावर पिस्तूल, आणि ही काठीवर भार देऊन उभी.

"हे फिरंग्याचं नाय. ह्याच्यातनं कदी गोळी सुटली नाय, सुटायची पन नाय. ज्याला बघायचंय त्यानं बघा."

शेजारचे म्हातारे नाना म्हणाले, "मंग गो, पूजा कशाची करायची?"

"रातीचे चोर टोळीनं यायचे मिठागरावर," आत्या म्हणाली. "बाबा हे घेऊन एकला उभा ऱ्हायचा. त्याची करा."

नानांनी चपला काढल्या, पुढे झाले, आणि पहिलं सोनं वाहिलं.