समोर येऊन बोला

आमच्या घरात एकच कडक नियम होता: बोलायचं तर समोर येऊन बोलायचं. स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही, पाठमोरं राहून काही सांगायचं नाही. हा नियम माझ्यासाठी होता. लेकीच्या जन्मानंतर माझं ऐकणं हळूहळू कमी होत गेलं. कानातलं तांदळाच्या कणीएवढं एक हाड जागच्या जागी घट्ट झालंय, ते हलत नाही म्हणून आवाज आत पोचत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यात माझी नोकरी ग्रंथालयात. तिथे मुळातच कोणी मोठ्यानं बोलत नाही. घ्या! गंमत म्हणजे लहरीपुऱ्याच्या बाजारात, भर गर्दीत मला छान ऐकू यायचं, कारण तिथे सगळेच ओरडतात. घरातल्या शांततेत मात्र काही म्हणजे काही नाही.

आमचे हे बाजव्याकडे एका कारखान्यात होते, भल्यामोठ्या यंत्रांपाशी. मला बघायला आले तेव्हा इतकं हळू बोलले की आईला वाटलं, मुलगा लाजाळू आहे. मी त्या आवाजावरच भाळले, खोटं कशाला सांगू? आणि माझ्या कानांपायी त्याच माणसाला ओरडायची सवय लागली. फतेगंजच्या आमच्या इमारतीत 'गॅस आला का' हेसुद्धा तीन मजल्यांना कळायचं. एकदा शेजारच्या गुजराती बेन सगळं ठीक आहे ना म्हणून दारात येऊन विचारून गेल्या, "बधुं बराबर छे ने?" त्यांना वाटलं, आमचं जुंपलंय.

ओरडून फक्त गॅस, दूध आणि लाइटबिल सांगता येतं. बाकीचं बोलणं आपोआप बंद पडलं. मला ते परत हवं होतं, तो आवाज परत हवा होता.

तरी ऑपरेशन मी वर्षानुवर्षं टाळलं. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. बहुतेकांना चांगलं ऐकू येतं, पण एखाद्याचा तो कान कायमचा जातोही, म्हणाले. ती 'एखादी' मीच असणार याची मला खात्री होती. स्वतः निवृत्त झाल्यावर ह्यांनीच लकडा लावला. "मी आहे ना! बेल वाजली तर मी ऐकेन, फोन आला तर मी घेईन. तू बिनधास्त कर."

केलं. कान बधिर केला होता, मी जागीच होते. ते अडकलेलं हाड काढून तिथे बारीकशी दांडी बसवली. मग कापडाच्या पलीकडून डॉक्टरांनी ऐकू येतंय का म्हणून साध्या आवाजात विचारलं, "संभळाय छे?" मी "हा!" म्हटलं आणि रडायलाच लागले. डॉक्टर म्हणाले, "बेन, हलू नका."

नंतर कानात बोळा. काही दिवस चक्कर, चहाला गंजक्या लोखंडाची चव, बादली उचलायची नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. बोळा निघाला आणि पहिल्यांदा ऐकू आली ती ह्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राची सळसळ. लगेच पाठोपाठ ह्यांचा आवाज, "येतंय का ऐकू?"

मी कानावर हात ठेवला. "अहो, ओरडू नका! मी काय कारखान्यात उभी आहे?"

ते हसले. पण आठवडे गेले तरी आवाज काही खाली येईना. माझा पारा चढायला लागला. ज्याच्यासाठी एवढा जीव मुठीत धरून टेबलावर झोपले, तोच हटून बसलेला!

एका दुपारी मी मजेत नियम मोडला. ओट्यापाशी उभी राहून हाक मारली, "अहो, चहा टाकू का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा. झाला असेल रुसवा, म्हणून तणतणत दाराशी आले. हे माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत होते आणि हाताशी ठेवलेला फोन किणकिणत होता. वाजून वाजून तो बंद पडला. ह्यांनी पानसुद्धा उलटलं नाही.

मी वळसा घालून समोर गेले. ह्यांची नजर माझ्या ओठांवर आली, रोज येते तशी. इतकी वर्षं मी समजत होते, हे माझ्यासाठी समोर येतात.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांना लगेच कळलं. पेपरची घडी घालत बसले. "नोकरीत असतानाच. हळूहळू गेलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू ऑपरेशन करून घेतलं असतंस?"

नसतंच घेतलं. माझा कान गेला असता तर घरात दार वाजलेलं ऐकायला कोणीच उरलं नसतं. हा माणूस सगळं ओळखून होता. मी त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली आणि मग तिथेच डोकं टेकून रडले.

पुढच्या तपासणीला मी ह्यांनाही ओढत नेलं. माझ्या ऐकण्याचा आलेख पाहून डॉक्टर खूश. ह्यांचा पाहून म्हणाले, यंत्रांच्या आवाजानं आतली नसच दुखावली आहे, याला ऑपरेशन नाही, मशीन लावावं लागेल. ते तयार होईपर्यंत ओरडायची पाळी माझी. बेन पुन्हा दारात येऊन गेल्या.

मशीन बसवलं त्या दिवशी मी सवयीनं, अगदी बेंबीच्या देठापासून ओरडून विचारलं, "येतंय का ऐकू?"

ह्यांनी दचकून कानाला हात लावला. मग माझ्याकडे बघून, मला बघायला आले होते तेव्हाच्या आवाजात म्हणाले, "अगं, ओरडतेस कशाला?"

मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.