अळणी उपवासकाळ

आमच्या सातपुड्यात उपवासकाळ आणि होळी दरवर्षी एकमेकांच्या पायात येतात. राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावतात, घरात मांस बंद होतं, शुक्रवारी क्रुसाची वाट चालायची. आणि मधेच डोंगरात ढोल घुमू लागतात. आम्ही बाप्तिस्मा घेतलेली माणसं, होळीला जात नाही. पण होळीला घरी यायचा नेम आमच्यातही कोणी सोडलेला नाही. ऊसतोडीला, बांधकामावर, गुजरातेत कुठेही गेलेला माणूस होळीला परततो. जो येत नाही त्याच्याबद्दल लोक आवाज उतरवून बोलतात.

माझा धाकटा भाऊ सुरतेला बांधकामावर गेला आणि दिवाळीनंतर त्याचा फोनच लागेना. सोबतच्यांना ठाऊक नाही, पोलिसांत सांगून झालं. त्या वर्षी कपाळाला राख लागली आणि आईने मीठ सोडलं, खाटही सोडली. मी लगेच ओळखलं, ही तर पालणी! बाप्तिस्म्याआधी वडील होळीचा नवस बोलले की असंच पाळायचे. जमिनीवर निजायचं, अळणी खायचं, नवस फिटेपर्यंत. फादरांच्या कानावर गेलं तेव्हा ते बिचारे गोडीत म्हणाले, "बाई, उपवास म्हणजे देवाशी सौदा नव्हे. आपण मन तयार करतो." आईने मान डोलावली. मान डोलवायला ती कधीच नाही म्हणत नाही. करते मात्र स्वतःचंच.

होळीच्या आधी ती तळोद्याला, जिपा लागतात तिथे जाऊन बसू लागली. मीही जायचे, कुरकुरत. माणसं उतरायची, पोरं नव्या कपड्यांत, बायकांच्या डोक्यावर बोचकी. एका जीपवाल्याला आई पाठ झाली होती. तो लांबूनच ओरडायचा, "नही वं माय, मन्ही गाडीमा नही शे तुन्हा पोऱ्या." होळी पेटली, विझली. आलेली माणसं पुन्हा कामावर जायला निघाली. तो आता येणार नाही, हे मला तेव्हाच कळून चुकलं. आईला सांगायला जीभ उचलली नाही.

ईस्टरच्या सकाळी फादर म्हणाले, "प्रभू उठला आहे!" सगळ्यांनी "खरोखर उठला आहे!" म्हटलं. आईनेही म्हटलं, अगदी मनापासून. मग चर्चच्या अंगणात पंगत बसली, भात आणि मटणाचा रस्सा. आईने पानाला हात लावला नाही. फादर स्वतः तिच्यापाशी येऊन उकिडवे बसले.

"बाई, जेवा. उपवासकाळ संपला."

"तुमचा संपला, फादर," ती म्हणाली. "तुमचा जो यायचा होता तो आला."

फादर उठून पुढच्या पानाकडे गेले. मला कडकडून भूक लागली होती. मी खाली मान घालून जेवले.