पंधराशे फ्रेमचं मिनिट

आण्णा "एक मिनिट थांब" असं कधीच म्हणाले नाहीत. "पंधराशे फ्रेम थांब की," म्हणायचे. टीव्हीवर एका सेकंदात पंचवीस चित्रं सरकतात, त्यातल्या एकेकाला फ्रेम म्हणायचं, म्हणून मिनिटाच्या पंधराशे. हे गणित त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की चहा उशिरा आला तर ते चहावाल्यावर डाफरत, "पाव्हणं, नऊ हजार फ्रेम झाल्या! च्या काय आसामातनं यायलाय?"

मी उचगावची. वडील फौंड्रीत कामाला, आई चार घरची धुणीभांडी करायची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. बी.ए. झाल्यावर नोकरीसाठी वर्षभर चपला झिजवल्या आणि शेवटी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका मिक्सिंग लॅबमध्ये लागले. लग्नाच्या कॅसेटा जोडायच्या आणि त्यावर नवरा-नवरीची नावं फिरवायची, हे तिथलं काम. आज त्याला मोशन ग्राफिक्स म्हणतात. आम्ही नुसतं 'टायटल करणं' म्हणायचो. त्या कामात आण्णा आमचे गुरू.

"काय शिकलीस?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"बीए. इतिहास घेऊन."

"म्हंजे मागचं बघायची सवय हाय तुला. हितं पुढचं बघायचं. पुढची फ्रेम."

त्या दिवसापासून माझं नाव 'बीए' पडलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्या लॅबमध्ये कुणी उच्चारलं नाही.

आण्णा मूळचे हुपरीचे. घरात चांदीचं काम. लहानपणापासून पैंजणाला घुंगरू डाखून डाखून, म्हणजे डाग देऊन जोडून, त्यांची बोटं अशी तयार झाली होती, की माऊस त्यांच्या हातात चिमट्यासारखा वागायचा. जमिनीवर बसून काम करायची सवय गेली नव्हती, म्हणून खुर्चीवरही मांडी घालून बसत. घरी कानडी चाले. मी घाई केली की मागून आवाज यायचा, "निधानऽ, बीए, निधान!" म्हणजे सावकाश. अक्षर पडद्यावर आणताना ते कानडीत आकडे मोजत, "ओंदु, एरडु, मूरु," आणि 'मूरु'ला अक्षर बरोबर जागेवर बसलेलं असे.

त्यांचा एक नियम मात्र दरडावून सांगितलेला. काम संपलं म्हणजे टायटल तयार झालं असं नाही. त्यानंतर कॉम्प्युटर एकेक फ्रेम स्वतः काढत बसतो, त्याला रेंडर म्हणतात, आणि तेव्हाच्या मशीनवर दहा सेकंदांच्या टायटलला वीस मिनिटं लागायची. एकदा कॅसेट न्यायला नवऱ्याकडची मंडळी दारात उभी आणि माझा रेंडर अर्ध्यावर, असं झालं होतं. नवऱ्याच्या मामानं लॅब डोक्यावर घेतली. आण्णांनी त्याला सरबत पाजलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझा हात थांबला की मशीनचा हात सुरू हुतो. त्याचा येळ त्याला सोडायचा. त्यातला चोरायचा न्हाय."

पुढं कॉम्प्युटर स्वस्त झाले. शूटिंग करणारी मंडळी घरच्या घरीच नावं फिरवायला लागली आणि लॅबचं काम निम्म्यावर आलं. लॅब बंद होणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं. अशातच शहरातल्या एका केबल चॅनेलला टायटल करणारा माणूस हवा असल्याचं समजलं. जागा एक, अर्ज आठ. चॅनेलचे मालक कुस्तीचे नादी. म्हणाले, "मुलाखतीतलं मला काय कळत न्हाय. समोरासमोर बसवा, जोडी लावा, घड्याळ लावा. निकाल लोकांसमोर."

आठांचे चार झाले, चारांचे दोन. उरलो आण्णा आणि मी.

"आण्णा, मी न्हाय बसत तुमच्यासमोर," मी म्हटलं. "माझं नाव काढायला सांगते."

ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "का? माझ्यासमोर हरायची लाज वाटती? का मी हरीन म्हणून दया आलीया? मला ती नोकरी पायजे, बीए. पंचेचाळीस वय झालं माझं. दुसरीकडं कोण घेणार न्हाय. पण तू बाजूला झालीस म्हणून मिळालेली नोकरी मी करणार न्हाय. बसायचं! आणि मी सोडणार न्हाय हं, आधीच सांगतो."

मंगल कार्यालय भरलं होतं. स्टेजवर दोन टेबलं, दोन सारखीच मशीनं, मागं दोन मोठे पडदे. वेळ एक तास, रेंडरसकट. करायचं काय, तर 'आजच्या बातम्या, आपल्या गावच्या' हे दहा सेकंदांचं टायटल. निवेदनाला कुस्तीच्या मैदानात बोलणारे एक गृहस्थ आणलेले. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आवाज खणखणीत. "डाव्या अंगाला हुपरीचं आण्णा! माऊसवर ताबा घेतलेला हाय! उजवीकडं उचगावची कन्या! ती बी काय कमी न्हाय!"

मी आण्णांच्या पडद्याकडं पाहिलं. अक्षरं चांदीची केली होती. एकेक अक्षर गिरकी घेत येई आणि त्यावरून उजळा दिल्यासारखी चमक सरकत राही, थांबतच नसे. चमकीत मी त्यांना गाठू शकत नव्हते. मग मला आई आठवली. चाळिशी उलटल्यावर ती साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती. टीव्हीवर काही लिहून आलं की ओठ हलवत वाचायला लागे, आणि दुसऱ्या शब्दाला पोचते तोवर पाटी गायब. "पळत्यात गं अक्षरं," म्हणायची.

मी ठरवलं, माझी अक्षरं पळणार नाहीत. सहा सेकंदांत येतील आणि उरलेले चार सेकंद जागेवर उभी राहतील. गंमत अशी, की उभ्या चित्राला रेंडर लागत नाही. एकच फ्रेम काढायची आणि तीच शंभर वेळा लावायची. म्हणजे रेंडरची आठ मिनिटं वाचली.

चाळिसाव्या मिनिटाला आण्णांनी रेंडर लावला, हात झटकले आणि माझ्या पडद्याकडं पाहिलं. माझं काम चालूच. ते ताडकन उठले आणि भर सभेत ओरडले, "बीए! रेंडर लाव! चाळीस झाली!"

हॉल हसला. निवेदक माइकवर किंचाळले, "आण्णा! अवो, समोरच्याला कशाला सांगताय?"

"न्हाय, आण्णा," मी मान वर न करता म्हटलं. "माझी आठ मिनिटं अजून हायत."

ते खाली बसले. माझ्या पडद्यावरच्या थांबलेल्या अक्षरांकडं बघत राहिले. त्यांना त्याच वेळी सगळं कळलं, असं मला आजही वाटतं.

मालकांनी निकालासाठी घरातला साधा टीव्ही आणून ठेवला होता. पुढच्या रांगेतल्या बायकांना म्हणाले, "मोठ्यानं वाचा." आण्णांच्या टायटलला टाळ्या प्रचंड पडल्या, पण वाचणाऱ्या 'आपल्या'पर्यंत पोचल्या आणि तिथंच टायटल संपलं. माझ्या टायटलला टाळ्या कमी आल्या. पण साऱ्या रांगेनं शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि वर आणखी थोडा वेळ उरला. मालकांनी माझा हात वर केला.

आण्णा दोन दिवस लॅबमध्ये आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चॅनेलच्या ऑफिसात माझ्या टेबलामागं येऊन उभे राहिले. ना अभिनंदन, ना काही.

"तुझ्या 'बातम्या'तला 'बा' बसताना डगमगतोय. शंभर फ्रेम उभं राहायचंय त्याला, आधी धड बसू तरी दे. मला हरवलेलं टायटल असलं कच्चं लागणार व्हय गावभर?"

मी खुर्ची सोडायला लागले, तर खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला खाली बसवलं. "तूच कर. मी बघतो." तासभर उभं राहून त्यांनी ते माझ्याकडून दुरुस्त करून घेतलं. जाताना म्हणाले, "थांबवायचं मला सुचलं न्हाय बघ. चांदीवाल्याचा जीव, चमकवत सुटलो." आणि हुपरीची एस.टी. धरली. तिथं भावाच्या कारखान्यात ते पैंजणांचे नमुने कॉम्प्युटरवर काढायला लागले.

पुढं काही वर्षांनी आण्णा वारले, तेव्हा मला मातीला, म्हणजे अंत्यविधीला, पोचता आलं नाही. दोन दिवसांनी हुपरीला गेले. घर माहीत नव्हतं. पेठेत एका दुकानदाराला पत्ता विचारला. त्यानं मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही चॅनेलवाल्या बीए का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अवो, अख्ख्या पेठेला ठाऊक हाय. नवीन गिऱ्हाईक आलं की आण्णा आधी तुमचं सांगायचे, मग डिझाइन दाखवायचे. 'मला साऱ्या कोल्हापूरसमोर हरवलंय एकीनं,' म्हणायचे. असं सांगायचे, जणू त्यांनीच बक्षीस घेतलंय."

तो दुकान तसंच उघडं टाकून माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. ओसरीवर माणसं बसली होती. त्यानं दारातूनच सांगितलं, "आण्णांना हरवल्याल्या त्या बाई आल्यात."

सगळ्यांनी सरकून मला आत, अगदी पुढं जागा करून दिली.