मीच बोलतोय

आमच्या तासगावकडे बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. शिकायला साताऱ्याला गेले तेव्हा वसतिगृहाच्या बाई दर वेळी टोकायच्या, "येते म्हण, येते!" तेव्हापासून लिहिताना 'गेले' आणि बोलताना 'गेलो', असा माझा दुहेरी संसार चाललाय.

नवरा फौजेत, त्यामुळे द्राक्षबाग मीच बघते. बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र बोलते तसंच टाईप करायचे, 'सकाळी बघतो, मग सांगतो.' फोटोच्या जागी घड, नावाच्या जागी गाव. सगळे मला भाऊ म्हणू लागले. मीही दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर भाऊचं सगळे ऐकतात, हे मला आवडायचं.

गेल्या हंगामात अवकाळी पावसानंतर ग्रुपमधल्या एका बागायतदाराचा फोन आला. ऐन फुलोऱ्यात बागेत दावणी रोग शिरला होता. एक दिवस हातचा गेला असता तर घड कुजले असते.

"भाऊंना द्या जरा."

"मीच बोलतोय."

"आवं वैनी, चेष्टा नको. बाग चाललीया माझी."

मी घाईघाईनं सांगितलं, "घड झटकून पाणी काढा, रोगट पानं बागेभायेर न्या, आन् आजच औषध फवारा."

"बरं बरं. मालक आलं की फोन कराय सांगा." त्यानं ठेवून दिला.

पाच मिनिटांत ग्रुपवर मेसेज: 'भाऊ, तुमी सांगा काय करू.'

असा संताप आला! गप्प बसावं असंही वाटलं. पण त्याच्या वेलींनी माझं काय घोडं मारलं होतं? तेच सगळं शब्दाला शब्द टाईप केलं.

आठवड्यानं घडांचा फोटो आला. 'भाऊंमुळं बाग वाचली. वैनीबी हेच म्हणत हुत्या. तुमच्या हाताखाली चांगल्या तयार झाल्यात.' खाली अंगठ्यांची रांग.

मी बागेतच होते. माईकचं बटण दाबून धरलं आणि अख्ख्या ग्रुपला सांगितलं, "भाऊ आन् वैनी एकच हाय. मीच बोलतोय."

संध्याकाळी त्याच बागायतदाराचा फोन आला.

"आता पानांवर पांढरी भुरी दिसतीया. काय करू?"

भाऊंना द्या म्हणाला नाही. मालक कुठायत तेही विचारलं नाही.

"थांबा, सांगतो," मी म्हणालो.