सलीमचाचांच्या तीन खुणा

आधीच सांगतो, ऐकून झाल्यावर मला येडा म्हणायचं नाही. चांदूर बाजारात सगळे म्हणून मोकळे झालेत, आणखी तुमची भर नको!

तर झालं असं. माझा मोठा भाऊ मिलिंददादा. लहानपणीच पोलिओने दोन्ही पाय गेलेले, पण गावात त्याच्याइतकं कोणी फिरत नसे. मागे दोन जादा चाकं लावलेली त्याची निळी स्कूटर ज्या दारात थांबली, त्या घरातलं म्हातारं माणूस बाहेर पडलंच म्हणून समजा. "घरी बसून काय अंडे देता?" असं तो तोंडावर विचारायचा. दर गुरुवारी समाजमंदिरात बैठक. काठीवाले, खुर्चीवाले, आंधळे, नुसतेच म्हातारे, सगळे जमायचे. व्यायाम, कॅरम, चहा. मग टोळीने बँकेत, नाहीतर बाजारात. कोणी खुर्ची ढकलायचा, कोणी आपली जीप द्यायचा.

मी मात्र नागपूरला गॅरेजमध्ये. सातवीनंतर शाळा सोडून तिकडेच गेलो होतो. बैठकीतलं एक माणूस मी धड ओळखत नव्हतो. "एकदा येऊन तर पाह्य," दादा म्हणायचा. आलो, पण त्याच्या शेवटच्या महिन्यात, दवाखान्यात.

दादाला जाऊन तीन महिने झाले होते, मी गावातच थांबलो होतो, तेव्हाची गोष्ट. दरवर्षी आमच्या बैठकीचा अमरावतीच्या मंडळाशी कॅरमचा सामना असतो. दादा आणि सलीमचाचा ही जोडी तीन वर्षं हरली नव्हती. दादा गेला आणि चाचांनी बोर्डाला हात लावणंच सोडलं. घरातून बाहेर पडेनात. शोभामावशी, म्हणजे दादानंतर बैठक सांभाळणाऱ्या बाई, रोज जाऊन त्यांना समजावत होत्या. शेवटी चाचा कसेबसे तयार झाले. एकच अट: न्यायला मिलिंदची गाडी आली पाहिजे, आणि सोबत खेळायला मिलिंदचा भाऊ.

मावशी म्हणाल्या, "बाबू, आज नाही आले तं कधीच नाही येणार. ध्यान ठेवजो."

"मावशी, पण मी त्यायले कधी पाह्यलं नाही. ओळखू कसा?"

"त्याच्यात काय? स्टँडच्या गेटजवळ चहाच्या टपरीवर बसतात. काठीले खाली लोखंडी टोपण आहे, टणटण वाजते. गुलाबाचं अत्तर लावतात. अन् चला म्हटलं की तीनदा नाही म्हणतात. ऐकायचं नाही, बसवायचं गाडीवर!"

आता इथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की नाही? शोभामावशी जन्मापासून आंधळ्या आहेत! टोपी आहे की पागोटं, दाढी आहे की नाही, मी काहीच विचारलं नाही. आवाज आणि वास घेऊन निघालो.

टपरीवर एक म्हातारे बसलेले. टणटण! मी जवळ जाऊन हुंगलं. गुलाब!

"चाचा, चला."

"नाही बाबू, मी बसनं जातो."

एक.

"लाजता काहून? अमरावतीलेच चाललो ना आपण!"

"नाही नाही, तुले तरास कायले?"

दोन.

मग त्यांची नजर स्कूटरवर गेली. "अरे, हे तं मिलिंदची गाडी!" डोळे भरून आले त्यांचे. "नाही रे... माह्याच्यानं नाही बसवणार हिच्यावर."

तीन! मी काखेत हात घालून उचललंच त्यांना.

रस्ताभर ते दादाच्या गोष्टी सांगत होते. दादा हरला की सोंगट्या मोजायला लावायचा, जिंकला की समोरच्याला केळी खाऊ घालायचा. दादाचं नाव इतक्या मायेने मी तीन महिन्यांत ऐकलं नव्हतं. घरी तर कोणी नावच काढत नाही, आई लगेच रडते म्हणून. मी स्कूटर चालवत रडत होतो आणि मागून त्यांचा हात माझ्या खांद्यावर. वाटलं, या माणसासाठी आज जीव गेला तरी चालेल, पण सामना जिंकायचा.

म्हणून उजळणी सुरू केली. "चाचा, दादानं दवाखान्यात मले सगळं शिकवलं. तुमी एकदा खाकरलं म्हणजे राणी घ्यायची. दोनदा खाकरलं म्हणजे समोरच्याचा रस्ता अडवायचा. बरोबर ना?"

मागून ते जरा पुढे झुकले. मग आवाज आला, "वा! अजून सांग."

मी सांगितलं. सगळं! वलगावजवळ थांबून केळीही चारली.

अमरावतीच्या हॉलमध्ये आमची मंडळी जीपने आधीच पोचली होती. आम्ही दारात आलो आणि शोभामावशींनी मान वर केली.

"हे कोणाले आणलं? चाचाची काठी डाव्या हातात असते. हे उजवीकडं वाजून राह्यली."

हॉलभर हशा! मी आणलेले गृहस्थ होते गुलाबराव. अमरावतीचे पहिल्या नंबरचे खेळाडू. चांदूर बाजारला लेकीकडे आले होते.

"तीन वर्षं!" ते कपाळाला हात लावून म्हणाले, "तीन वर्षं मी समजत होतो, सलीमले दमा आहे!"

मग खरे चाचा कुठे? मी चाचांना फोन लावला. ते दुसऱ्या गेटच्या टपरीवर दोन तास बसून घरी परतले होते. फक्त एवढंच बोलले, "मिलिंद गेला बेटा. आता मले न्याले कोण येते, असं वाटलं. जाऊ दे." फोन बंद.

गुलाबरावांनी बोर्डावर काठी आडवी ठेवली. "आण त्याले. तवरोक कोणी सोंगटीले हात लावला तं पाह्यजा!"

पुन्हा चांदूर बाजार. चाचा दाराकडे पाठ करून बसलेले. नाही म्हणाले. पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा नुसता हात झटकला. यावेळी मी उचललं नाही. पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं.

चाचा सावकाश वळले. "खाकरायचं सांगितलं?"

"हो."

"दोनदाचंही?"

"हो चाचा. वरून केळी चारली."

आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, रडतात. पण ते असे हसले की चाची आतून धावत आली. मग डाव्या हातात काठी घेतली. "चल बे नालायक. नवे इशारे रस्त्यात ठरवू."

हरलो हो! रस्त्याच्या धुळीने चाचांना खरोखरचा खोकला लागला, आणि डोक्यात दादाचेच जुने इशारे, प्रत्येक खोकल्याला मी राणीवर तुटून पडत होतो. अमरावतीवाल्यांनी सत्कार केला तो माझा. शाल, श्रीफळ. कशाबद्दल? 'बहुमोल मार्गदर्शनाबद्दल!'

पुढच्या गुरुवारी मी मंडळींना न्यायला निघालो. समाजमंदिराच्या गल्लीत वळतो तर काय! बैठकीतले अकराच्या अकरा जण रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड. सगळ्यात पुढे सलीमचाचा. आणि त्यांच्या मागे शोभामावशी, कार्ड माझ्या नाकासमोर धरून:

"नीट पाह्य रे बाबू, मीच आहे ना? मले तं दिसत नाही. पण तुह्याहून बरं!"